कप्तानाला दिलेलं चाक

सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि बाक एक. खुर्च्यांवर केस कापले जायचे आणि बाकावर सायकलपटू. कुठला सायकलपटू खरा मोठा, कोण उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय, कुणी कुठल्या चढावर आधी निघायला हवं होतं आणि कोण शेपूट घालून मागे बसला, याचा निकाल त्या बाकावर रोज लागायचा आणि दुसऱ्या दिवशी फिरवला जायचा. बाकावरच्या निम्म्या मंडळींना केस कापायचे नसायचेच. मास्तरांकडे तर कापण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. गेल्या चाळीस वर्षांतल्या प्रत्येक मोठ्या शर्यतीचे आकडे त्यांच्या वह्यांत होते, आणि त्यातली एक वही कायम काखेत. त्यांच्यासमोर पाववाला, म्हणजे पलीकडच्या बेकरीचा मालक. भल्या पहाटे भट्टी पेटवणारा हा माणूस दुपारी एकला मोकळा व्हायचा आणि उरलेली सगळी ताकद मास्तरांना खोटं पाडण्यात घालवायचा. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, पण तसं कुणी म्हटलं असतं तर दोघंही त्याच्या अंगावर धावून गेले असते.

या वादात एकटा सलूनवाला तेवढा गप्प असायचा. खरं तर बोलायचा हक्क कुणाला असेल तर त्यालाच होता. तो स्वतः नऊ वर्षं व्यावसायिक शर्यतींत धावला होता. नऊ वर्षांत जिंकल्या किती? शून्य. कारण जिंकणं हे त्याचं काम नव्हतंच. त्याचं काम कप्तानाच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचं, म्हणजे मागे कप्तानाचा दम वाचेल, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायचं, आणि वेळ आलीच तर स्वतःच्या सायकलीचं चाक काढून कप्तानाला द्यायचं. पाठ ही अशी रुंद, म्हणून संघात त्याचं नाव पडलं भिंत.

आणि त्याचा कप्तान कोण, तर 'चार सेकंद'. आईबापांनी त्याला बरं नाव दिलं होतं, पण तीन आठवड्यांची सगळ्यात मोठी शर्यत, एकवीस दिवस, साडेतीन हजार किलोमीटर सायकल हाणून जो माणूस चार सेकंदांनी हरतो त्याला लोक आईबापांनी दिलेल्या नावाने हाक मारत नाहीत. लोक फार निर्दय असतात, त्यातही बाकावर बसलेले जास्तच.

बाकावरचा वाद त्या शर्यतीवर आला की सलूनवाला ड्रायर सुरू करायचा. गिऱ्हाइकाचे केस ओले असोत नसोत, ड्रायर घोंघावायला लागायचा आणि मास्तरांचा आवाज त्यात बुडून जायचा. मास्तरांचे फक्त ओठ हलताना दिसायचे. मंडळींना वाटायचं, जुनी जखम आहे बिचाऱ्याची, हरल्याचं वाईट वाटतं.

वाईट वाटतं! हरल्याचं वाईट वाटण्यातून माणूस बाहेर येतो. सलूनवाल्याच्या पोटात होतं ते वेगळंच, आणि ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

तो शर्यतीचा विसावा दिवस, शेवटच्या डोंगराचा. एकविसावा दिवस नुसता मिरवायचा, निकाल इथेच लागायचा. एकूण वेळेत कप्तान वीस सेकंदांनी पुढे होता. चढाचा पायथा तीन किलोमीटरवर आला आणि कप्तानाचं मागचं चाक पंक्चर झालं. रस्ता अरुंद, संघाची गाडी मागे कुठेतरी अडकलेली. भिंत थांबला, स्वतःचं मागचं चाक काढलं, कप्तानाच्या सायकलीत घातलं, चाक घट्ट धरणारी कळ आवळली आणि कप्तानाच्या पाठीला हात लावून त्याला जिवाच्या आकांताने ढकललं. सगळं मिळून बारा सेकंद. यात कुठे काही चुकलं नव्हतं.

पण कप्तान निघाला आणि याला आवाज ऐकू आला. चर्र, चर्र, चर्र. घाईत चाक सरळ बसलं नव्हतं. ते डावीकडे कललं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासत होतं. म्हणजे कप्तान पुढचा अख्खा डोंगर ब्रेक लावून चढणार होता.

छातीवर संघाशी बोलायचा रेडिओ होता. "थांब" एवढं म्हणायचं होतं. पहिल्या क्षणी त्याला वाटलं, बसेल आपोआप. दुसऱ्या क्षणी वाटलं, आता थांबवलं तर आणखी वेळ जाईल. तिसऱ्या क्षणी वाटलं, सगळे ऐकताहेत, सगळ्यांना कळेल की भिंतीला साधं चाक लावता आलं नाही. तोवर कप्तान वळणाआड गेला होता. संघाची गाडी आली आणि याच्याकडे ढुंकूनही न बघता कप्तानाच्या मागे निघून गेली. एका चाकाची सायकल धरून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. दुसरी गाडी यायला अकरा मिनिटं लागली.

वर पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. चार सेकंद, एवढं कानावर आलं. तिथेच निरोप मिळाला की बायकोला दवाखान्यात नेलंय, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात. तो ओल्या कपड्यांनिशी तसाच निघाला. पहाटे मुलगी झाली. त्याने पुन्हा शर्यतीत पाऊल ठेवलं नाही. कप्तानाचे दोन फोन आले, एक पत्र आलं. त्याने फोन घेतले नाहीत आणि पत्र उघडलं नाही. त्या शर्यतीची चित्रफीत पाहिली नाही, वर्तमानपत्र वाचलं नाही. बावीस वर्षं.

ती मुलगी आता बावीस वर्षांची आणि गावच्या सायकल क्लबात लहान मुलांची प्रशिक्षक. आणि नशिबाची थट्टा बघा, मुलांना संघभावना शिकवताना ती दर वर्षी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची. "माझ्या बाबांनी डोंगराच्या तोंडाशी कप्तानाला आपलं चाक काढून दिलं." मुलं टाळ्या वाजवायची. ती घरी येऊन कौतुकाने सांगायची आणि बाबा ताटात बघत जेवत राहायचे.

क्लबाला पन्नास वर्षं झाली म्हणून सभागृहाच्या भिंतीवर दहा थोर सायकलपटूंची नावं लावायची ठरली. नऊ नावांवर एकमत झालं, हेच मोठं आश्चर्य. दहाव्यावर घोडं अडलं. पाववाल्याचा हट्ट 'बैला'साठी. हा बैल म्हणजे सपाट रस्त्यावर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळ्यांना चिरडत जाणारा गडी, एकसष्ट विजय. मास्तरांचा हट्ट चार सेकंदसाठी. शेवटी रविवारी दुपारी खुला वाद आणि मग हात वर करून मतदान, असं ठरलं.

"बाबा, तुम्ही बोलायचं," मुलीने फर्मावलं. "त्यांच्याबरोबर धावलेला दुसरा कोण आहे इथे?"

"मला बोलता येत नाही."

"मग काय, पाववाले काका त्यांचं वाटोळं करताना बघत बसणार?"

तो तीन दिवस नीट जेवला नाही. त्याला दिसत होतं की नाव पडणार, आणि पडणार ते याच एका मुद्द्यावर, की हा माणूस शेवटी कच खातो. आणि तो का हरला हे जगात एकट्या त्याला ठाऊक होतं. गप्प बसावं तर कप्तानाला दुसऱ्यांदा बुडवल्यासारखं. बोलावं तर मुलीच्या देखत, तिच्या त्या टाळ्या वाजवणाऱ्या मुलांच्या देखत तोंड काळं. रविवारी सकाळी दाढी करताना त्याने स्वतःलाच दोनदा कापलं. ही गोष्ट त्या सलूनात आजवर कुणाच्या बाबतीत झाली नव्हती.

सभागृह भरलं होतं. पाववाल्याने सुरुवातीलाच तोफ डागली. "एकसष्ट विरुद्ध नऊ! बैल जिंकलाय एकसष्ट वेळा आणि तुमचा हा नऊ वेळा. दुसरा मात्र तीनदा आला. दुसरा येणाऱ्यांची नावं भिंतीवर लावायची तर मग माझंही लावा, मी घरात कायम दुसराच असतो."

हशा पिकला. मास्तर उठले. "सपाटीवरचे विजय आणि डोंगरावरचे विजय एकाच तागडीत घालायचे? बैलाला शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत आठ जण आणून सोडायचे. उरलेलं त्याने पळायचं. तीन आठवड्यांच्या शर्यतीत हा बैल कितवा आला माहीत आहे? एकशे एकोणचाळिसावा. वहीत आहे."

"वही घाला चुलीत! मला एक सांगा, वीस सेकंद हातात असताना शेवटच्या डोंगरावर काय झालं? कच खाल्ली! आहे उत्तर?"

सलूनवाला उठला. इथे ड्रायर नव्हता.

"उत्तर आहे," तो म्हणाला. "त्याने कच खाल्ली नाही. मी त्याला हरवलं."

मग त्याने सगळं सांगितलं. चाक, कळ, तो चर्र आवाज, छातीवरचा रेडिओ, न बोललेला एक शब्द. बोलायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. बोलताना तो मुलीकडे बघत नव्हता, पण शेवटी बघावंच लागलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अरे गाढवा," मागून एक आवाज आला.

शेवटच्या रांगेत काठी टेकून एक म्हातारा उभा राहत होता. सलूनवाल्याने त्याला बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं, पण ते हात ओळखू आले. संघाचा मेकॅनिक, ग्रीसमामा. क्लबाने पन्नाशीनिमित्त त्याला दूरच्या गावाहून बोलावून घेतलं होतं.

"ते चाक वाकडंच बसलं होतं," मामा म्हणाला. "मला काय सांगतोस? मीच काढलं ते संध्याकाळी. काढताना तुला शिव्याही घातल्या. पण त्या चाकावर तो डोंगर चढला असं तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"पायथ्याला सायकल बदलायची हे सकाळीच ठरलं होतं. चढासाठी हलकी सायकल, माझ्या गाडीच्या टपावर. कप्तान, मॅनेजर आणि मी, तिघांनाच माहीत. दुसऱ्या संघांना सुगावा लागू नये म्हणून तुम्हा कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर आम्ही तुझ्याजवळ थांबलो नाही, त्याला गाठायचं होतं. तुझ्या चाकावर तो तीन किलोमीटर गेला. सपाट रस्त्यावर."

"पण तीन किलोमीटर तरी..."

"त्या तीन किलोमीटरात काहीही गेलं नाही," मास्तर मध्येच म्हणाले. ते वहीची पानं उलटत होते, पण उलटायची गरज नव्हती, त्यांना पाठ होतं. "समोरच्याने, म्हणजे वीस सेकंदांनी मागे असलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गड्याने, हात वर करून घोळका हळू केला होता. पंक्चर झालेल्या माणसाच्या पाठीत सुरा खुपसायचा नाही, हा त्यांच्यातला नियम. सायकल बदलेपर्यंत थांबले. चढाला दोघं बरोबर लागले. एका सेकंदाचाही फरक नाही. समोरच्याने वर सहा वेळा जोर लावला. पाच वेळा हा त्याच्याबरोबर गेला, सहाव्यांदा पाय चालले नाहीत. चोवीस सेकंद तिथे गेले. अहो, हे सगळ्या जगाला माहीत आहे! मी तुमच्या सलूनात शंभर वेळा सांगितलंय!"

"कधी?"

"तुम्ही ड्रायर लावायचात तेव्हा."

सभागृह आधी खो खो हसलं आणि मग कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. सलूनवाल्याला ते नीट ऐकू आलं नाही. तो खुर्चीवर बसला. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच असावं. फक्त त्याचा जीव बावीस वर्षं वरच्यावर लोंबकळत होता आणि भांडं सगळा वेळ खालीच होतं, बाकावर, मास्तरांच्या काखेत. स्वतःचा त्याला इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं, की हसावं की रडावं हे न कळून त्याने दोन्ही थोडं थोडं केलं.

पण पाववाला हा पाववालाच. "म्हणजे चाकाचा दोष नाही," तो सावरून म्हणाला. "मग माझाच मुद्दा खरा. पाय चालले नाहीत. कच खाल्ली!"

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भिंत वादात उतरला.

"गप रे," तो उठून म्हणाला. "शेवटचा चढ मला माहीत नाही. मी कडेला उभा होतो. पण त्याआधीचे एकोणीस दिवस मी त्याच्या पुढ्यात होतो. सतराव्या दिवशी आडवा वारा सुटला होता. घोळक्याचे तीन तुकडे झाले आणि आम्ही दोघं शेवटच्या तुकड्यात अडकलो. संघातलं दुसरं कुणी नाही. मी चाळीस किलोमीटर ओढलं आणि संपलो. त्याला म्हटलं, जा, मला सोड. त्या दिवशी कप्तान माझ्या पुढे आला. कप्तान! वारा स्वतः अंगावर घेतला आणि मला मागे ठेवून बावीस किलोमीटर ओढून पुढच्या तुकड्यात नेलं. कारण काय, तर डोंगरात मी लागणार म्हणून. तुझ्या बैलाने कधी कुणाला ओढलंय? असा माणूस डोंगरावर पाच वेळा उत्तर देतो आणि सहाव्यांदा दमतो, त्याला कच खाणं म्हणत असतील तर तू उद्या पहाटे तुझी भट्टी पेटवून सायकलीवर डोंगर चढून दाखव."

"भट्टी सोडून कसा जाऊ?" पाववाला म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता.

मतदान झालं. चोवीस विरुद्ध सतरा, चार सेकंद भिंतीवर. नंतर कळलं की चोवीसांत एक हात पाववाल्याचाही होता. त्याला विचारलं तर तो साफ नाही म्हणतो, आणि आता म्हणत राहणार.

सभागृह रिकामं होताना मुलगी जवळ आली. रागावलेली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटत होती गं."

"मी इतकी वर्षं त्या पोरांना सांगत होते आणि तुम्ही मुकाट्याने जेवत होतात!" मग तिचा आवाज बदलला. "आता पुढचं पण सांगणार. कळ आवळल्यावर चाक एकदा फिरवून बघायचं. वाकडं बसलं असेल तर लाज सोडून ओरडायचं."

"माझं नाव घेऊन सांग."

"घेणारच आहे." तिने खिशातून फोन काढला. "क्लबातर्फे त्यांना निकाल कळवायचाय. नंबर माझ्याकडे आहे. तुम्हीच कळवा."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण तोवर तिने नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला होता. पलीकडे दोनदा घंटी वाजली.

"कप्तान," तो म्हणाला. "मी भिंत."



"आहेस होय रे तू?" ओळखीचा आवाज, जरा जाड झालेला. "मला वाटलं, गेलास कुठे उलथून."

सलूनवाल्याने निकालाचं सांगायच्या आधी चाकाचंच सांगून टाकलं, एका दमात. संपल्यावर कप्तान म्हणाला, "चाक? कुठलं चाक?"

"पायथ्याच्या आधी पंक्चर नाही का झालं तुझं? मी दिलेलं."

"त्या दिवशी पंक्चर झालं होतं?" कप्तान आठवत राहिला. "झालं असेल. नाही रे आठवत. तू दिलेली चाकं मोजायची म्हटली तर दुकान निघेल."

सलूनवाला भिंतीला टेकला. बावीस वर्षं, आणि या माणसाला पंक्चरसुद्धा आठवत नव्हतं.

"मग तुला त्या दिवसाचं आठवतं तरी काय?"

"वर पोचलो तेव्हाचं आठवतं," कप्तान म्हणाला. "सगळे भोवती होते. कुणी पाणी देत होतं, कुणी रडत होतं. मी तुला शोधत होतो. तू नव्हतास. बाळ झालं म्हणून कळलं, मी फोन केला, तू घेतला नाहीस. पत्र लिहिलं, उत्तर नाही. मग मी समजलो. म्हटलं, बरोबरच आहे. या माणसाने एकोणीस दिवस वारा खाल्ला माझ्यासाठी आणि मी शेवटच्या डोंगरावर सगळं मातीत घातलं. तोंड बघायचं नसेल त्याला माझं."



"नाही रे," तो म्हणाला. "नाही, कप्तान. तसं नव्हतं. तसं कधीच नव्हतं."

पलीकडून एक लांब श्वास सुटलेला ऐकू आला.

"नव्हतं ना?" कप्तानाने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "खरं सांग."

"खरं सांगतो. तू चांगलाच चढलास. त्या दिवशी तो जास्त चांगला चढला, एवढंच."

"बरं झालं," कप्तान म्हणाला. "बरं झालं रे फोन केलास."

मग सलूनवाल्याला निकालाचं आठवलं, आणि त्याने पाववाल्याच्या तोफेपासून सगळं सांगायला घेतलं.